लॉग: ओंडक्याची झाली वही

यवतमाळात कापसाची गाडी बाजार समितीच्या फाटकावर आली, की आधी नोंद होते. माल कसा आहे ते नंतर कळतं. सर्व्हरचा लॉग वाचायला शिकवताना मी इथूनच सुरुवात करतो.

‘लॉग’ म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजायला खलाशी दोरी बांधलेलं लाकूड समुद्रात सोडत. इंग्लंडच्या विल्यम बोर्नने १५७४ साली ही रीत छापून ठेवली. पुढे ओंडक्याची फळी झाली. ती पाण्यात उभी राहावी म्हणून कडेला शिसं ठोकत. फळी जागेवर तरंगे, जहाज पुढे जाई, आणि वाळूचं घड्याळ रितं होईस्तोवर दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजत. म्हणून जहाजाचा वेग अजूनही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींत सांगतात. तो आकडा ज्या वहीत उतरे, ती लॉगबुक. नुसत्या वेगावरून मात्र जहाज कुठे आहे हे कळत नसे. वेग, दिशा आणि वेळ जुळवली, तरच नकाशावर ठिकाण सापडे. मला या कुळकथेतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

युनिक्सची अशी वही बर्कलीच्या एरिक ऑलमनने १९८०च्या दशकात बांधली. टपाल पोचवणाऱ्या सेंडमेलसाठी लिहिलेला त्याचा सिसलॉग इतर प्रोग्रामांनीही उचलला. त्यात गांभीर्याच्या आठ पायऱ्या आहेत: ० म्हणजे यंत्रणा कोलमडली, ७ म्हणजे बारीकसारीक तपशील.

लिनक्सची फायरवॉलही याच वहीत लिहिते. ‘एसआरसी’पुढे आलेल्याचा पत्ता, ‘डीपीटी’पुढे त्याने गाठलेलं दार; २२ असेल तर बहुधा एसएसएचचं, म्हणजे दुरून लॉगिन करण्याचं. ‘एसवायएन’ ही जोडणीची पहिली टकटक. अशा शंभर ओळी दिसल्या की नवी पोरं घाबरतात, “सर, हॅक झालं जी!” मी म्हणतो, थांबा. ओळीच्या सुरुवातीला ‘ड्रॉप’ लिहिलंय का? नियम करणाऱ्याने ती खूण अडवलेल्यांसाठीच ठेवली असेल, तर दार उघडलेलं नाही. पण तोच पत्ता लॉगिनच्या नोंदीत ‘अ‍ॅक्सेप्टेड’ या शब्दासोबत सापडला, तर हातातलं काम टाकून उठायचं.

दोन्ही नोंदी जुळवताना घड्याळ सांभाळावं लागतं. सिसलॉगच्या जुन्या धाटणीत महिना, तारीख, वेळ असते. साल नसतं, कुठली प्रमाणवेळ तेही नसतं. सर्व्हर यूटीसीवर असेल, तर रात्री २:१४ची टकटक यवतमाळात सकाळी ७:४४ला झालेली असते.