दोन दिरहम आणि एक कुऱ्हाड

शुक्रवारच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात हात पसरून बसलेल्यांची रांग आपण पाहतो. इस्लामने दानाला एवढे महत्त्व दिले, त्या अर्थी भीक मागण्यालाही त्याची संमती असावी, असा समज त्यातून होतो. मदिनेचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

इ. स. ६२२ मध्ये हिजरत झाली. मक्केचे मुसलमान घरदार सोडून मदिनेत आले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांना त्यांचे मदिनेतील बंधू साद बिन रबी यांनी आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुवा दिली आणि फक्त बाजाराची वाट विचारली. तूप-पनीर विकून ते स्वतःच्या पायावर उभे राहिले.

दुसरी हकीकत अबू दाऊद यांच्या नवव्या शतकातील हदीससंग्रहात आहे. मदिनेतला एक गरीब अन्सारी पैगंबरांकडे मागायला आला. घरात काय आहे, असे त्यांनी विचारले. अर्धे पांघरायचे व अर्धे अंथरायचे एक जाडेभरडे कापड आणि पाणी प्यायचा एक वाडगा, एवढाच संसार होता. पैगंबरांनी त्या वस्तूंचा लिलाव केला. दोन दिरहम आले. एकाचे घरच्यांसाठी धान्य घ्यायला आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला सांगितले. कुऱ्हाडीला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला. लाकडे तोडून विक, पंधरा दिवस मला दिसू नकोस, अशी ताकीद दिली. तो परतला तेव्हा त्याच्या गाठीला दहा दिरहम होते.

मला या हकिकतीत तो दांडा मोलाचा वाटतो. मागणाऱ्याला नुसता उपदेश करून वाटेला लावलेले नाही. त्याच्या हाती हत्यार दिले आहे.

घोर दारिद्र्य, न पेलणारे कर्ज आणि खुनाच्या भरपाईचा बोजा या तीन आपत्तींत मागण्याची मुभा त्याच हदीसमध्ये आहे. मागणाऱ्याला झिडकारू नये, असे कुरआनही बजावते. आणि लाजेपोटी न मागणाऱ्या गरजूंना ओळखावे, असेही सुचवते. म्हणजे जबाबदारी दोन्हीकडे आहे. धडधाकट माणसाने हात पसरू नये आणि समाजाने त्याच्यावर ती वेळ आणू नये.

रमजानमध्ये आपण जकात काढतो. सुटी नाणी वाटली की पुढच्या वर्षी तेच हात पुन्हा पुढे येतात. त्याच पैशांतून एखाद्याला शिलाई मशीन, एखाद्याला हातगाडी मिळाली, तर कदाचित पुढच्या रमजानमध्ये तोच जकात देणारा होईल. दांडा बसवण्याचे काम अजून आपल्याकडे बाकी आहे.