भिंतीवरचे अरण्य : चित्रातील निसर्ग पाहून डोळे का भरून येतात?

१/१३
कामठीहून दोन वाटा निघतात. एक कन्हानचा पूल ओलांडून मनसरमार्गे रामटेककडे वळते. दुसरी म्हणजे हावड्याचा लोहमार्ग. तो भंडारा, गोंदिया मागे टाकत आमगावला पोहोचतो. पहिल्या वाटेवर कालिदासाचा यक्ष भेटतो, तर दुसरीवर भवभूतीचे गाव. चित्रातील प्रदेश पाहताना मनात काय घडते, या प्रश्नाची या दोन कवींनी दिलेली उत्तरे परस्परविरोधी आहेत.

२/१३
निसर्गचित्र पाहायला आपल्याला इंग्रजांनी शिकवले, असे सरसकट म्हटले जाते. केवळ निसर्ग हाच विषय असलेले, चौकटीत बसवलेले चित्र आपल्याकडे मुख्यतः वसाहतकाळात रुजले, हे खरे. कामठीची छावणीही त्याच काळातली, १८२१ची. परंतु रंगवलेली नदी किंवा डोंगर पाहून होणारी घालमेल त्याहून किमान हजार वर्षे जुनी आहे.

३/१३
प्रथम कालिदास. 'मेघदूता'तील यक्षाचा रामगिरी म्हणजेच रामटेक, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादले. तेथे यक्ष शिळेवर धातुरंगांनी रुसलेल्या प्रियेचे चित्र काढतो. तिच्या पायाशी स्वतःला रेखाटावे, तोच अश्रूंनी दृष्टी झाकोळते. चित्रातली भेटही दैवाला मंजूर नसते.

४/१३
मात्र 'रघुवंशा'च्या चौदाव्या सर्गात हाच कवी दिलासा देतो. राज्याभिषेकानंतर राम-सीता चित्रांनी सजलेल्या महालात राहतात. दंडकारण्यात भोगलेली दुःखे आठवली, की आता ती सुखासारखी वाटतात. केवळ एक श्लोक. त्याचा आशय असा, की संकट ओसरले की त्याची आठवण गोड होते.

५/१३
या उत्तराने भवभूतीचे समाधान झाले नसावे. आठव्या शतकातील हा नाटककार आपले मूळ गाव पद्मपूर असल्याचे स्वतःच सांगतो. मिराशींनी ते आमगावजवळचे पदमपूर मानले. त्याच्या 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकाचा मोठा भाग चित्रदर्शनाला वाहिलेला आहे. कालिदासाच्या एका श्लोकाचा येथे अख्खा प्रसंग झाला आहे.

६/१३
प्रसंग असा : जनक मिथिलेला परतले आहेत, गर्भवती सीता खिन्न आहे. तिचे मन रमावे म्हणून लक्ष्मण दोघांना चित्रवीथीत नेतो. भिंतीवर रामाचे आयुष्य रंगवले आहे, ते थेट सीतेच्या अग्निशुद्धीपर्यंत. ती भिंत कशी असेल याची कल्पना करायची, तर अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातील विश्वंतर जातक आठवावे : तेथेही राजपुत्र, वनवास आणि कथेला वेढून राहिलेली झाडी.

७/१३
तिघांची नजर भिंतीवरून कशी सरकते, ते पाहण्यासारखे आहे. लक्ष्मण मंथरेचा प्रसंग दाखवतो; राम उत्तर न देता घाईने शृंगवेरपूरच्या इंगुदी वृक्षाकडे बोट दाखवतो. माणसाने दिलेली जखम टाळायला त्याला झाड सापडते. पुढे यमुनातीरीचा श्याम वटवृक्ष येतो. वाटचालीने थकलेली सीता तेथे रामाच्या छातीवर विसावली होती. रामाला झाडाआधी तो विसावा आठवतो.

८/१३
मग प्रस्रवण पर्वत आणि गोदावरी. बोलता बोलता रात्री कशा सरल्या हे कळतही नसे, ते दिवस रामाला आठवतात. राजवाड्यात उभ्या असलेल्या राजाला आपले सुख वनवासातल्या नदीकाठी दिसते आहे. येथवर कालिदासाचे म्हणणे खरे ठरते.

९/१३
आणि शूर्पणखा येते. सीता दचकते, जणू पतीचे दर्शन आता संपले. राम समजावतो, की हे चित्र आहे. पुढच्या काळात शंकुकाने 'चित्रतुरगन्याय' मांडला : चित्रातला घोडा पाहताना होणारे ज्ञान ना खरे, ना खोटे, ना संशयाचे. परंतु घोडा परका असेल, तरच हे निवांतपण शक्य असते. सीता स्वतःचेच अपहरण पाहण्याच्या उंबरठ्यावर उभी आहे.

१०/१३
आता समजावणाराच ढासळतो. जनस्थान पाहून रामाचे डोळे वाहू लागतात. पंपा सरोवर येताच तो सांगतो, की त्या काळी एक अश्रू ओघळून दुसरा दाटेपर्यंत मध्ये जो क्षण मिळे, तेवढ्यातच ती कमळे दिसत. माल्यवान पर्वताशी येऊन तो लक्ष्मणाला थांबवतो. विरह जणू पुन्हा सुरू झाला आहे. कालिदासाच्या दिलाशाला भवभूतीने दिलेले उत्तर हे आहे.

११/१३
याहून क्रूर गोष्ट पुढे आहे. चित्र पाहून सीतेला डोहाळा लागतो : त्या वनांत पुन्हा हिंडावे, भागीरथीत स्नान करावे. राम रथ सिद्ध करायला सांगतो. ती त्याच्या बाहूवर झोपी जाते, आणि दुर्मुख लोकापवादाची वार्ता घेऊन येतो. डोहाळा पुरवण्यासाठी मागवलेला रथच तिच्या त्यागासाठी वापरला जातो. चित्राने जागवलेल्या ओढीवर विश्वास ठेवून ती त्यात चढते.

१२/१३
बारा वर्षांनी, दुसऱ्या अंकात, राम प्रत्यक्ष दंडकारण्यात येतो. जेथे प्रवाह होते तेथे वाळू आहे. दाट रान विरळ, विरळ रान दाट झाले आहे. डोंगर जागच्या जागी आहेत, म्हणूनच हे तेच वन असे तो ओळखतो. भिंतीवरची गोदावरी मात्र कधीच पात्र बदलणार नव्हती. चित्र प्रदेशाला थांबवून धरते. प्रदेश आणि माणूस पुढे निघून जातात. डोळे भरून येतात ते या अंतरामुळे.

१३/१३
भवभूतीची ती वीथी केवळ नाटकात आहे. पण पाहण्याची ती रीत आपल्या मातीतली आहे : चित्रात निसर्ग किती हुबेहूब उतरला, यापेक्षा त्या जागी आपले काय राहून गेले, हे विचारणारी. कन्हानच्या काठाचे एखादे जुने चित्र किंवा छायाचित्र हाती आले, तर ते घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा. ते प्रथम कशाकडे बोट दाखवतात ते पाहा. आणि काय दिसताच घाईने पुढे सरकतात, तेही पाहा.