हाड काढले, जागा मोकळी राहिली

बरणीचे घट्ट झाकण फिरवताना, ओले कपडे पिळताना, कुलपात किल्ली वळवताना अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाला लागून एक तीव्र कळ उठते. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या अनेक स्त्रियांच्या तोंडून आपण ही तक्रार ऐकलेली असते. औषधे, शेक, पट्टे, इंजेक्शने यांपैकी कशानेही भागले नाही तर काही जणींवर शस्त्रक्रिया होते. आजचा थ्रेड त्या शस्त्रक्रियेचा आणि त्याहून अधिक तिच्यानंतरच्या बरे होण्याचा आहे. यात गड नाहीत, तह नाहीत. मात्र एका साध्या उपायावर विश्वास ठेवायला शहाण्या माणसांना किती वर्षे लागतात, याची ही गोष्ट आहे.

प्रथम रणभूमी पाहू. मनगटात आठ लहान हाडे असतात. त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूचे एक म्हणजे ट्रॅपिझियम. अंगठ्याचे तळहातातील लांब हाड त्यावर टेकते. दोन्ही हाडांचे पृष्ठभाग घोड्याच्या खोगिरासारखे वक्र असून एक खोगीर दुसऱ्यावर आडवे ठेवावे तसे ते बसतात. या रचनेमुळेच अंगठा पुढे-मागे, आत-बाहेर फिरतो आणि इतर चार बोटांसमोर येऊन उभा राहतो. चिमूट, मूठ, लेखणीची पकड यांची गुरुकिल्ली या एका सांध्यात आहे.

लंडनचे शरीररचनातज्ज्ञ जॉन नेपियर यांनी १९५५ साली या सांध्यावर निबंध लिहिला. पुढे १९६० मध्ये टांझानियातील ओल्डुवाई घळीत सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीच्या हाताची हाडे सापडली, तेव्हा ती तपासण्याचे काम नेपियर यांच्याकडेच आले. त्या हाडांत एक ट्रॅपिझियमही होते! लुई लीकी, फिलिप टोबायस आणि नेपियर यांनी १९६४ मध्ये त्या प्राण्याला ‘होमो हॅबिलिस’, म्हणजे हातांनी कुशल मानव, असे नाव दिले. ज्या हाडाने मानवाच्या प्राचीन कौशल्याची साक्ष दिली, तेच हाड शस्त्रवैद्य काढून टाकू लागले होते.

कारण या सांध्यावर पडणारा भार. अमेरिकेतील कूनी आणि चाओ यांनी १९७७ मध्ये गणित मांडले. अंगठा आणि बोटाच्या टोकांनी एक किलोचा दाब दिला, की बुडाच्या सांध्यावर सुमारे १२ किलो भार येतो. घट्ट मूठ आवळली तर तो १२० किलोपर्यंत जाऊ शकतो. वर्षानुवर्षांच्या भाराने हाडांवरील गुळगुळीत कूर्चा झिजते, आणि मग हाडावर हाड घासते.

१९४९ साली डब्ल्यू. एच. गर्व्हिस या इंग्रज शस्त्रवैद्याने निबंध प्रसिद्ध करून सांगितले, की दुखरे ट्रॅपिझियम संपूर्ण काढून टाकावे. त्या जागी काही भरायचे नाही. घासणाऱ्या दोन हाडांपैकी एक उरलेच नाही, तर घर्षण कशाचे होणार?

मग त्या पोकळीत काय होते? आधी रक्त साचते. ते गोठते, आणि पुढील आठवड्यांत त्या गाठीची जागा तंतुमय, चिवट ऊती घेते. हाडांमध्ये एक मऊ गादी तयार होते. ती शस्त्रवैद्य घालत नाही, रुग्णाचे शरीर विणते. म्हणजे या शस्त्रक्रियेचा महत्त्वाचा अर्धा भाग टाके घातल्यानंतर सुरू होतो, आणि त्या वेळी रुग्ण घरी खुर्चीत हात उंच ठेवून कंटाळत बसलेला असतो.

पण मोकळ्या जागेची माणसाला भीती वाटते. अंगठ्याचे हाड आधाराविना खाली सरकेल, अंगठा आखूड होईल, पकडीचा जोर जाईल, अशी शंका शस्त्रवैद्यांना आली. ती अगदीच अनाठायी नव्हती, कारण एक्स-रेमध्ये हाड खरोखरच थोडे खाली सरकलेले दिसे. मग पोकळी भरण्याची जणू स्पर्धाच लागली.

अमेरिकेतील आल्फ्रेड स्वॉन्सन यांनी सिलिकॉनचे कृत्रिम ट्रॅपिझियम आणले. कल्पना मोहक होती. पण काही रुग्णांत ते सिलिकॉन घासून त्याचे सूक्ष्म कण आसपासच्या ऊतींत शिरले, सूज आली आणि शेजारची हाडेही पोखरली गेली. वेदनेपासून सुटका मिळावी म्हणून हात पुढे केलेल्या माणसांना नव्या वेदनेसाठी पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर यावे लागले. या इतिहासातील हे सर्वांत खिन्न करणारे पान आहे.

दुसरा मार्ग होता स्वतःच्याच कंडरेचा. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. १९७० मध्ये फ्रॉइमसन यांनी कंडरेची गुंडाळी करून ती पोकळीत बसवली. या गुंडाळीला शस्त्रवैद्यांनी एका खाऱ्या माशाचे, ‘अँकोव्ही’चे, नाव दिले. (शस्त्रक्रियागृहातील विनोदबुद्धी वेगळीच असते.) १९७३ मध्ये ईटन आणि लिटलर यांनी मनगटाच्या कंडरेचा एक पट्टा काढून अंगठ्याचा सैल झालेला अस्थिबंध नव्याने बांधण्याची रीत सांगितली. बर्टन आणि पेलेग्रिनी यांनी १९८६ मध्ये या दोन्ही कल्पना एकत्र केल्या. हाड काढा, अस्थिबंध बांधा, उरलेली कंडरा पोकळीत भरा. ही रीत अमेरिकेत इतकी रुजली, की तेथील सर्वेक्षणांत बहुसंख्य शस्त्रवैद्य आजही तिचेच नाव घेतात.

गंमत अशी, की ईटन-लिटलर यांची रीत आली त्याच १९७३ साली गर्व्हिस यांनी वेल्स यांच्यासह आपल्या जुन्या शस्त्रक्रियेचा पंचवीस वर्षांचा आढावा प्रसिद्ध केला आणि आपली साधी रीत उचलून धरली. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

यात खरे कोणाचे? याचा निवाडा करण्याची उत्तम पद्धत म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांची वाटणी करणे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे टिम डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी हेच केले. त्यांनी १८३ अंगठ्यांचे तीन गट पाडले. एका गटात केवळ हाड काढले, दुसऱ्यात कंडरेची गुंडाळी भरली, तिसऱ्यात अस्थिबंधही बांधला. २००४ मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरानंतर वेदना, हालचाल, चिमटीचा जोर या कशातही तिन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. पुढे पाच ते अठरा वर्षांनी तपासले तेव्हाही नव्हता.

तरीही एक पळवाट शिल्लक होती. या तिन्ही गटांत अंगठ्याचे हाड खाली सरकू नये म्हणून चार आठवडे धातूची बारीक तार घालून ठेवली होती. श्रेय कदाचित त्या तारेचे असेल! तेव्हा त्याच शहरात पुढचा प्रयोग झाला. एका बाजूला तार नाही, कंडरा नाही, फक्त हाड काढलेले. दुसऱ्या बाजूला तार आणि अस्थिबंध दोन्ही. २०१२ मध्ये सहा वर्षांनंतरचे निकाल आले. फरक नव्हता.

आता थोडे भारताकडे वळू, कारण शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांना शास्त्राचा दर्जा मिळवून देण्यात आपल्या वेल्लोरचा मोठा वाटा आहे. तेथे आजार वेगळा होता. कोल्ली डोंगरांत जन्मलेले शस्त्रवैद्य पॉल ब्रँड १९४८ पासून कुष्ठरोग्यांच्या लुळ्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागले. अंगठा बोटांसमोर येत नसेल, तर ते अनामिकेची कंडरा वळवून अंगठ्याला जोडत. पण अनामिकेला दिलेल्या आज्ञेने आता अंगठा हलणार, हे मेंदूला कोण शिकवणार? त्यासाठी दिवसेंदिवस सराव लागे. म्हणून १९५१ मध्ये ‘नव जीव निलयम’ ही झोपड्यांची वसाहत उभी राहिली. तेथे बरे होणारे हात सुतारकाम शिकत. ब्रँड स्वतः वैद्यकाआधी बांधकाम आणि सुतारकाम शिकलेले होते, हे येथे सांगायलाच हवे. १९६६ मध्ये ते अमेरिकेतील कारव्हिल येथे गेले, आणि तेथील हस्तोपचारकांची एक पिढी त्यांच्याकडून शिकली. हस्तोपचारकांची अमेरिकन संस्था १९७७ मध्ये स्थापन झाली.

आजच्या रुग्णाचा क्रम याच विचारातून आलेला आहे. पहिले काही दिवस सूज उतरावी म्हणून हात हृदयाच्या पातळीहून उंच, मात्र बोटे हलती. सुमारे दोन आठवड्यांनी टाके निघतात. चार ते सहा आठवडे प्लास्टर किंवा स्प्लिंट, म्हणजे आतली गादी शांतपणे विणली जाईल. त्यानंतर अंगठा कृश, कातडी कोरडी, आणि मनात भीती. प्रथम पान उलटणे, गुंडी लावणे. कपडे पिळणे आणि झाकण उघडणे पुष्कळ नंतर. तीन महिन्यांत हलकी कामे जमू लागतात, पण पुरता जोर यायला सहा महिने, कधी वर्षही जाते. शस्त्रवैद्याने निवडलेली रीत कोणतीही असो, या वाटेला आडवाट नाही.

प्रगती मोजायला फ्रेंच शस्त्रवैद्य कापांजी यांनी १९८६ मध्ये दिलेली एक सोपी पट्टी वापरतात. अंगठ्याचे टोक तर्जनीच्या टोकाला लागले की ३ गुण, मधल्या बोटाला ४, अनामिकेला ५, करंगळीला ६. मग करंगळीच्या पेरांवरून खाली उतरत तळहातावरील रेषेपर्यंत पोहोचले की पूर्ण १०. माळ हाताशी नसली, की आपल्या आज्या बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवून जप मोजत. शस्त्रक्रियेनंतर सहा-आठ आठवड्यांनी तीच वाट पुन्हा चालून पाहायची असते. एखाद्या दिवशी ४, पुढच्या आठवड्यात ५, आणि मग कधीतरी चहा उकळायची वाट पाहता पाहता सहज करंगळी.