छातीत उतरलेला गलगंड आणि त्याची शस्त्रक्रिया

थायरॉईड (अवटू) ग्रंथी गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला लागून असते. ती वाढली की त्याला गलगंड म्हणतात. काही रुग्णांत ही वाढ वर्षानुवर्षे हळूहळू खाली सरकत छातीच्या मधल्या हाडामागे उतरते. पुढे हाड आणि मागे मणके असल्याने तिथे पसरायला जागा नसते. त्यामुळे गळा बाहेरून फारसा सुजलेला नसतानाही आत श्वासनलिका आणि अन्ननलिका दाबली जाते.

लक्षणे

उताणे झोपल्यावर दम लागणे, घास अडकणे, खोकला येणे, आवाज बदलणे ही मुख्य लक्षणे. कधीकधी हा दमाच समजला जातो. दोन्ही हात डोक्यावर धरल्यावर चेहरा लाल होऊन श्वास कोंडला, तर छातीच्या वरच्या भागातील शिरा दबल्याचा संशय येतो. याला पेम्बर्टन चिन्ह म्हणतात. गाठ किती खोल गेली आहे, हे सीटी स्कॅनमध्ये कळते.

छाती उघडावी लागते का?

बहुतेक वेळा नाही. ग्रंथी गळ्यातून खाली गेलेली असते आणि तिला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्याही गळ्यातूनच येतात. म्हणून गळ्यावर आडवा छेद घेऊन आधी या वाहिन्या बांधतात आणि मग गाठ हळूहळू वर ओढून काढतात. गाठ फार खोल असेल, कर्करोग आजूबाजूला चिकटला असेल किंवा आधी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर मात्र छातीचे हाड कापावे लागू शकते.

एकोणिसाव्या शतकात गलगंडाच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने अनेक रुग्ण दगावत. स्वित्झर्लंडमधील बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांच्या काटेकोर पद्धतीमुळे हा धोका खूप घटला. थायरॉईडवरील कार्यासाठी त्यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

धोके आणि नंतरची काळजी

स्वरयंत्राकडे जाणारी नस दुखावली तर आवाज घोगरा होतो. शेजारच्या पॅराथायरॉईड ग्रंथींना इजा झाली तर रक्तातील कॅल्शियम कमी होऊन हातापायांना मुंग्या येतात. दोन्ही त्रास बहुधा तात्पुरते असतात. संपूर्ण ग्रंथी काढल्यास थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर रोज घ्यावी लागते.

श्वासनलिका दबू लागली असेल, तर शस्त्रक्रिया लांबवणे धोक्याचे ठरते. गाठीत अचानक रक्तस्राव झाला, तर श्वास काही वेळातच कोंडू शकतो.