सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइड : मसाले आणि वनौषधींचा अर्क काढायची पद्धत

सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच कार्बन डायऑक्साइड वनस्पतींमधला औषधी अर्क काढायलाही वापरतात. हा वायू 31 अंश सेल्सिअसच्या वर, हवेच्या साधारण 74 पटींहून जास्त दाबाखाली ठेवला की धड वायू राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. तो वायूसारखा बारीक फटींत शिरतो आणि द्रवासारखं तेल विरघळवतो. या अवस्थेला ‘सुपरक्रिटिकल’ म्हणतात.

अर्क कसा निघतो?

वाळवलेला माल भरडून पोलादी टाकीत भरतात आणि त्यातून हा वायू सोडतात. पुढच्या टाकीत दाब उतरवला की वायू सुटा होतो, अर्क तळाला राहतो. तोच वायू पुन्हा वापरता येतो. अर्कात हेक्झेनसारखं रसायन उरायची भीती नाही. उष्णता कमी लागते, म्हणून वासही टिकतो. कॉफीतलं कॅफिन, मसाल्यांचे अर्क, कलौंजीचं तेल असं काढतात. अडचण एकच, यंत्रणा महाग पडते.

सिंधुदुर्गात कशाला उपयोग?

माडा-पोफळीच्या बागेतली मिरी आणि जायफळ यांचा तेलकट, सुगंधी भाग यात चांगला निघतो. कोकमाच्या बियांचं तेलही निघतं. पण कोकमाच्या सालीतलं आम्ल आणि लाल रंग पाण्यात विरघळतात, त्यांना पाणीच बरं.

नरक्याचं काय?

मूळचे नंदुरबारचे रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी 1966 मध्ये अमेरिकेत एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन शोधलं. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगावरची औषधं त्यातूनच पुढे आली. 1972 मध्ये हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडलं आणि झाडावर कुऱ्हाड आली. सिंधुदुर्गातही त्याची चोरटी तोड झाली. नुसत्या कार्बन डायऑक्साइडात हे द्रव्य फारसं विरघळत नाही, जोडीला अल्कोहोल घालावं लागतं. अर्क काढायची रीत बदलली तरी लाकूड लागणारच, त्यामुळे नरक्याची लागवड झाल्याशिवाय जंगलातली तोड थांबणार नाही.

खरेदी करताना

‘सीओ-टू अर्क’ असं लिहिलेलं असलं तरी सोबत अल्कोहोल वापरलंय का, हे विक्रेत्याला जरूर विचारा. ज्यांना ते टाळायचं आहे त्यांनी तर नक्कीच.