मोटारखान्याची जमीन

वाड्याच्या दिवाणखान्यातील महिरपी, देवघराचे कोरीव खांब आणि दिंडी दरवाजावरचे खिळे यांविषयी आपल्याकडे हौसेने लिहिले गेले आहे. परंतु ज्या जागेत पाहुण्याला कधी बसवीत नसत, त्या पागेच्या, गाडीखान्याच्या आणि पुढे मोटारखान्याच्या जमिनीकडे इतिहासाची दृष्टी क्वचितच वळली. वास्तविक घरातील सर्वांत अधिक सोसणारी जमीन हीच. घोड्यांच्या नालांचा मार, गाडीच्या लोखंडी धावांचे घर्षण, जनावरांचे मूत्र, पावसाळ्यात खालून चढणारी ओल आणि गेल्या शतकापासून त्यांत भर पडलेले इंजिनाचे तेल, एवढे सर्व तिने झेलावे अशी अपेक्षा असते. आणि तिच्यावर कोणता थर द्यावा म्हणजे तो टिकेल, हा आजच्या घरमालकाला पडणारा प्रश्न आपल्या गवंड्यांनी प्रत्येक काळात आपापल्या परीने सोडविला आहे.

पागेत उत्तर सोपे होते. गुळगुळीत भूमीवर नाल मारलेला घोडा घसरतो, सबब तिथे चुन्याची घोटाई करण्यात अर्थ नव्हता. मुरूम अंथरावा, पाणी शिंपडावे, धुमसाने ठोकावा आणि उखणेल तिथे पुन्हा भरावा, एवढीच तजवीज पुरे होती. राहत्या घरात याच ठोकलेल्या मातीवर शेणाचे सारवण येई. शेणातील चाऱ्याचे बारीक तंतू मातीचे कण धरून ठेवतात, धूळ बसते आणि थर झिजला की थोड्याच दिवसांत त्यावर दुसरा चढतो. हा टिकाऊ लेप नव्हता, सतत नवा होणारा लेप होता. आणि त्याचा सारा भार घरातील स्त्रियांच्या हातांवर आणि कमरेवर पडत असे, ही गोष्ट सारवलेल्या अंगणाची थोरवी गाताना विसरता कामा नये.

टिकाऊपणाचा खरा विचार दिसतो तो चुन्याच्या कोब्यात, आणि माझ्या मते आपल्या बांधकामाच्या इतिहासात इतके साधे आणि इतके सूक्ष्म काम दुसरे क्वचितच असेल. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना करीत. कोकणात त्यासाठी शिंपल्याही भाजीत. तो चुना पाण्यात विरवून, वाळू आणि भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळून घाणीत मळीत. गोल दगडी चर आणि त्यात बैलाकडून फिरविले जाणारे जड दगडी चाक, अशी ही घाणी. कित्येक गडांवर ती अजून पाहावयास मिळते. विटांच्या तुकड्यांत हा मळलेला चुना कालवून चार-पाच बोटे जाडीचा थर पसरला, की गडी आणि बायका ओळीने उकिडव्या बसत आणि हातातील लाकडी थाप्यांनी तो बडवू लागत. प्रथम थापी ओल्या थरात रुतते आणि तिचा आवाज बोदा येतो. चुना वर येऊ लागतो तसा थर आवळत जातो. आणि काही दिवसांनी थापी आपोआप उसळून परत येऊ लागली, आवाज खणखणीत निघू लागला, म्हणजे बडवण्याचे काम पुरे झाले असे समजावे. मधूनमधून त्यावर गुळाचे आणि बेलफळाच्या गराचे पाणी शिंपडीत. यात गूढ काही नव्हते. गुळातील शर्करा चुन्याचे घट्ट होणे लांबविते, बेलाचा चिकट गर ओलावा धरून ठेवतो, आणि बडविणाऱ्याला अवधी मिळतो. सुरखीतील भाजलेली माती चुन्याशी संयोग पावून पाण्यातही न विरणारे द्रव्य बनविते. रोमन स्थपतींनी ज्वालामुखीच्या राखेने जे साधले, तेच आपल्या गवंड्यांनी फुटक्या विटांतून साधले. शेवटी संदल्याचा, म्हणजे बारीक चुन्याचा, पातळ हात देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटीत. या जमिनीचा सर्वांत मोठा गुण डोळ्यांना दिसत नसे: खालची ओल तिच्यातून वर येऊन हवेत निघून जाई. कोबा ओलीला कोंडीत नसे, म्हणून ओलही कोब्याला उचलून टाकीत नसे.

१८७१ मध्ये मुंबईहून रायचूरपर्यंतचा लोहमार्ग पुरा झाला आणि त्याच मार्गावरील, तेव्हाच्या निजामाच्या मुलखातील, शहाबादची फरशी दूरदूरच्या गावांना सुलभ झाली. बडविण्याचे दिवस वाचले, आणि थापीची मागणीही घटू लागली.

त्यानंतर सिमेंट आले. जोसेफ ॲस्पडिन याने इंग्लंडात पोर्टलंड सिमेंटची सनद १८२४ मध्ये घेतली होती. आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागले ते १९१४ मध्ये, आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र होऊन ए.सी.सी. स्थापन झाल्यावर ते सर्वत्र मिळू लागले. याच काळात श्रीमंतांच्या बग्ग्यांची जागा मोटारींनी घेतली आणि गाडीखान्याचा मोटारखाना झाला. जुन्या कोब्याचे नाव आता सिमेंटच्या जमिनीला मिळाले. गवंडी सिमेंटचा रबडा थापीने घोटून त्यावर ताणलेली दोरी दाबून चौकोन उमटवी, आणि दुसऱ्या दिवशी मातीची आळी करून त्यात पाणी भरून ठेवी. हे पाणी जिथे नीट भरले गेले तिथल्या जमिनी पन्नास-पन्नास वर्षे टिकलेल्या आहेत. जिथे घाई झाली, किंवा पाणी सुटलेल्या पृष्ठभागावर कोरडे सिमेंट भुरभुरून तो घोटला गेला, तिथे वरची कातडी सुटून धूळ निघू लागली. दोष मालाचा नव्हता, कामाचा होता.

मोटारीने आणखी एक शत्रू आणला. १९४८ च्या जून महिन्यात पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली, आणि त्यानंतर गावोगाव आगारे उभी राहिली. अशा आगारात काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत मुरलेले वंगण पुन्हा बाहेर निघत नाही, हे तिथल्या कामगारांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? कारखान्यांच्या जमिनी झिजू नयेत म्हणून वरच्या थरात लोखंडाचा बारीक चुरा मिसळण्याची पद्धत रूढ झाली. तिने झीज आटोक्यात आली, तेल मात्र तसेच राहिले.

त्यावरचा उपाय अनपेक्षित ठिकाणाहून आला. स्वित्झर्लंडमध्ये प्येर कास्तां हा रसायनशास्त्रज्ञ दंतवैद्यकासाठी लागणारी द्रव्ये शोधीत असता १९३० नंतरच्या दशकात इपॉक्सी राळेपर्यंत पोहोचला. पुढे सीबा कंपनीने तिचे हक्क घेतले आणि १९४६ मध्ये अरल्डाइट बाजारात आणले. हीच राळ कालांतराने औषधांच्या कारखान्यांत, विमानांच्या शेडमध्ये आणि आता बंगल्यांच्या मोटारखान्यांत आरशासारखी चमकू लागली आहे. ती काँक्रीटला घट्ट धरते, तेलाला आत शिरू देत नाही. उन्हात मात्र पिवळी पडते, म्हणून उघड्या जागी तिच्यावर पॉलियुरेथेनचा हात द्यावा लागतो.

परंतु ही राळ कोब्याच्या अगदी उलट स्वभावाची आहे: ती ओलीला कोंडते. कोकणात किंवा नदीकाठच्या गावांत, जमिनीखाली प्लास्टिकचा पडदा न घालता जुन्या काळी केलेल्या सिमेंटवर ती ओतली, तर पहिल्याच पावसाळ्यात खालच्या ओलीच्या दाबाने फोड येतात आणि गाडीच्या तापलेल्या टायरांबरोबर पापुद्रे निघून येतात. म्हणून घरमालकाने प्रथम लेपाची नव्हे, भूमीची परीक्षा करावी. हात-दीड हात लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून एक दिवस तसाच ठेवावा, आणि उचलून पाहावा. खाली दव साठले नसेल आणि काँक्रीट काळवंडले नसेल, तर यंत्राने पृष्ठभाग घासून, धूळ पूर्ण काढून, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत इपॉक्सी घालावी. दव असेल तर तिचा आग्रह सोडावा आणि सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचा द्राव जमिनीत मुरवावा. तो काँक्रीटमधील चुन्याशीच संयोग पावून पृष्ठभाग कठीण करतो, धूळ थांबवितो, आणि ओलीला बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवतो. त्याला चकाकी नाही आणि तेलही तो पुरते अडवीत नाही. तेव्हा गाडीखाली पत्र्याचे तबक ठेवावे आणि सांडलेले तेल त्याच दिवशी भुशाने टिपून घ्यावे.