बधिर आणि मुके

परवा दाढ काढली. सुई टोचताच गाल बधिर झाला आणि मी निर्धास्त झालो. पण या सुखाची किंमत आधी कुणी मोजली?

१८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने बेडकाच्या डोळ्यात कोकेनचे द्रावण टाकले. डोळ्याला टोचले तरी बेडूक हलला नाही. मग ससा, कुत्रा आणि शेवटी कोलर स्वतः! डोळ्याची शस्त्रक्रिया वेदनेविना होऊ लागली.

पण तेच कोकेन रक्तात भिनले की जनावर सैरावैरा धावते, हुंगत राहते. नस झोपवणारे औषध मेंदूला चेतवते. त्याला पर्याय म्हणून १९०५ च्या सुमारास प्रोकेन आले. ते निरुपद्रवी वाटले. पुढे १९७० च्या दशकात प्रयोगशाळेतल्या माकडांनी कळ दाबदाबून प्रोकेनही शिरेत घेतले. लिडोकेनची मात्र त्यांना तशी ओढ लागली नाही. म्हणजे बधिर करणे हा एक गुण, मेंदूतल्या डोपामिनशी खेळणे हा दुसरा.

मी कवितेचा माणूस, शब्दांवर जगणारा. जनावरांना आपण मुके म्हणतो. प्रोकेनचे हे गुपित मात्र त्या मुक्यांनीच आपल्याला सांगितले.